उल्हास खोऱ्यातली शिल्पवाट : खडवली ते अंबरनाथ

मध्य रेल्वेच्या कल्याण–कसारा मार्गावर टिटवाळा आणि वासिंद यांच्यामध्ये खडवली हे छोटे स्थानक आहे. कल्याण तालुक्यातले हे गाव मुंबई-ठाण्याच्या लोकांना ठाऊक आहे ते भातसा नदीमुळे. शहापूर तालुक्यातल्या भातसा धरणातून मुंबईसाठी सोडलेले पाणी नदीच्या पात्रातूनच पिसे येथे येते आणि तिथून उचलले जाते. त्यामुळे आजूबाजूचे ओढे एप्रिलमध्ये कोरडे पडले तरी खडवलीची नदी वाहती असते. सुट्टीच्या दिवशी लोकल भरभरून माणसे येतात, काठावर डबे सोडून बसतात आणि संध्याकाळच्या गाडीने परततात. पात्रात खडक आहेत, डोह आहेत, पाणी बघता बघता वाढते आणि बाहेरून आलेली पोरे इथे अनेकदा बुडाली आहेत. गावकऱ्यांना विचारल्याशिवाय पाण्यात पाऊल टाकू नये.

नदीवर एक सकाळ घालवून परत फिरणारे बहुतेक जण याच रुळांवर पुढे काय आहे ते बघत नाहीत. खडवलीहून कल्याण आणि कल्याणहून अंबरनाथ असा प्रवास केला, तर दोन हजार वर्षांपूर्वीचे बंदर, मराठी आरमाराची जन्मभूमी, पेशवाईतले वाडे आणि अकराव्या शतकातले एक अप्रतिम शिवालय एका दिवसात पाहून होते. भातसा, काळू आणि वालधुनी या नद्यांचे पाणी शेवटी उल्हास नदीत येते आणि खाडीवाटे समुद्राला मिळते. या पाण्यावर व्यापार चालला, व्यापारातून पैसा आला, आणि पैशातून दगडाला रूप देणारे हात या खोऱ्यात जमले. अंबरनाथचे देऊळ जंगलात एकटे उभे राहिले नाही. त्याच्या मागे कल्याण बंदर होते, आणि देऊळ नीट समजून घ्यायचे तर आधी कल्याण जाणून घेतलेले बरे.

हा लोहमार्गही देशातल्या सर्वांत जुन्या मार्गांपैकी आहे. बोरीबंदर ते ठाणे गाडी १८५३ च्या एप्रिलमध्ये धावली, १ मे १८५४ रोजी ती कल्याणला पोचली आणि १ ऑक्टोबर १८५५ रोजी वासिंदपर्यंत रूळ पडले. म्हणजे खडवलीच्या माणसाने आगगाडी पाहिली तेव्हा १८५७ चा उठावही झालेला नव्हता. अंबरनाथवरून जाणारा खोपोलीकडचा फाटा १८५६ मध्ये सुरू झाला.

खडवलीहून कल्याणकडे निघाले की पहिले स्थानक टिटवाळा. इथल्या महागणपतीच्या दर्शनाला मंगळवारी आणि विशेषतः अंगारकीला लांबलचक रांगा लागतात. कण्व ऋषींचा आश्रम इथे होता आणि शकुंतलेने या गणपतीची पूजा केली, अशी श्रद्धा आहे. त्यानंतरची कथा पेशवाईतली आहे. दुष्काळात गावचे तळे उपसताना गाळात मूर्ती सापडली आणि पेशव्यांनी देऊळ बांधले, असे सांगतात. आजची इमारत विसाव्या शतकातल्या जीर्णोद्धारानंतरची आहे, त्यामुळे जुने बांधकाम शोधणाऱ्याला इथे फारसे काही मिळत नाही. मात्र देवळाशेजारचे तळे तेवढे जरूर पाहावे, कारण सगळी कथा त्या तळ्याची आहे. पुढे शहाडला बिर्लांनी बांधलेले विठ्ठल-रखुमाईचे देऊळ लागते. ते अलीकडच्या काळातले असले तरी आवार प्रशस्त आणि शांत आहे.

कल्याण स्थानकाबाहेरची गर्दी, रिक्षा आणि फेरीवाले पाहून हे शहर एके काळी परदेशी प्रवाशांच्या लेखनात गाजत होते यावर विश्वास बसत नाही. कान्हेरीच्या लेण्यांतल्या ब्राह्मी शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत आणि त्यांत कल्याणचे व्यापारी आहेत. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनामिक ग्रीक नाविकाने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या सागरी मार्गदर्शिकेत 'कॅलिएना' असा कल्याणचा उल्लेख येतो. त्यात एक मजकूर फार मोलाचा आहे. थोरल्या 'सारगणस' राजाच्या काळात हे कायदेशीर व्यापारी बंदर होते. पण पुढे ते 'संदनेस' याच्या ताब्यात गेल्यावर तिथे अडथळे आले, आणि चुकून आलेली ग्रीक गलबते पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली. सातवाहन आणि क्षत्रप यांच्या झगड्यात बंदराची कशी कोंडी झाली, ते या दोन वाक्यांत कळते. सहाव्या शतकातला कॉस्मस हा प्रवासी लिहितो की कल्याणमध्ये तांबे-पितळ, शिसवी लाकूड आणि कापड यांचा व्यापार होता आणि इराणहून नेमलेला एक ख्रिस्ती बिशपही तिथे होता.

या बंदराची जागा आज पाहायची तर दुर्गाडीवर जावे. उल्हासच्या खाडीकाठी एका टेकाडावर हा किल्ला आहे. चढण मोजून पाच मिनिटांची. तटबंदीचे अवशेष, एक दरवाजा आणि वर दुर्गादेवीचे देऊळ. नवरात्रात इथे मोठी जत्रा भरते. १६५७ च्या ऑक्टोबरमध्ये शिवाजी महाराजांनी आदिलशाहीकडून कल्याण-भिवंडी घेतली आणि मराठी राज्याला प्रथमच खाडीचे पाणी लागले. घाटावरच्या सत्तेला समुद्र मिळाला, तो इथे. लगोलग जहाजबांधणी सुरू झाली. १६५९ च्या सुमाराच्या पोर्तुगीज कागदपत्रांत कल्याण-भिवंडीला शिवाजी महाराज गलबते बांधवून घेत असल्याची नोंद आहे, आणि त्या कामावर रुई लैताव व्हिएगस हा पोर्तुगीज कारागीर होता, हेही नमूद आहे. वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांना ही गोष्ट धोक्याची वाटली आणि त्यांनी आपली माणसे गुपचूप परत बोलावून घेतली. आरमार उभे राहायचे थांबले नाही. दुर्गाडीच्या तटावरून भरतीच्या वेळी खाडी पाहिली की इथेच गोदी का हवी होती ते उमगते. पाणी खोल आहे, समुद्राच्या लाटा इथवर येत नाहीत आणि वरच्या अंगाला सागाची जंगले आहेत.

शहराच्या जुन्या भागात काळा तलाव आहे, त्याचे जुने नाव शेणाळे. काठावर मुसलमानी अमलातली काळी मशीद आणि मोतबरखानाची कबर आहे. पारनाक्याच्या बाजूला पेशवाईतल्या कल्याणच्या खुणा आहेत. सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांच्या काळाची आठवण देणाऱ्या सुभेदार वाड्यात आता शाळा भरते आणि लोकमान्य टिळकांच्या काळापासूनचा सार्वजनिक गणेशोत्सव तिथे होतो. १८६४ मध्ये स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय आजही चालू आहे. त्यानंतर एकाच वर्षाने, १८६५ मध्ये जन्मलेल्या आनंदीबाई जोशी याच गावातल्या. कल्याणच्या जोश्यांची यमू पुढे गोपाळरावांशी लग्न होऊन आनंदी झाली, फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून १८८६ मध्ये डॉक्टर झाली आणि वर्षभरातच, बाविसावे पुरे होण्याआधी गेली. पारनाक्यावरून जाणाऱ्याने तिची आठवण काढावी.

कल्याणला गाडी बदलून कर्जत-खोपोलीकडची लोकल घ्यावी. विठ्ठलवाडी, उल्हासनगर आणि मग अंबरनाथ. स्थानकाच्या पूर्वेला दोनेक किलोमीटरवर, वालधुनी नदीच्या काठी देऊळ आहे. 'शिवमंदिर' म्हटले की कोणताही रिक्षावाला नेतो.

देऊळ पहिल्या नजरेत छोटे वाटते. शिखराचा वरचा भाग आज उरलेला नाही, म्हणून उंची कमी दिसते, आणि काळा बेसाल्ट पावसापाण्याने इतका गडद झाला आहे की दुरून सगळा एकच ढीग भासतो. मात्र भिंतीपासून चार हातांवर उभे राहिले की तो ढीग हलू लागतो. हत्ती, नर्तकी, ढोलकी वाजवणारे, तपस्वी, देव आणि दैत्य एकामागून एक ओळखू येतात. भिंत सरळ नाही. ती पुढे येते, मागे जाते, पुन्हा पुढे येते. कोनांवर कोन असल्यामुळे दिवसभर कुठल्या ना कुठल्या बाजूवर तिरपे ऊन पडत असते. दगडातली आकृती तिरप्या उन्हात जेवढी उठून दिसते तेवढी भर दुपारी दिसत नाही. दार पश्चिमेला आहे. म्हणून मागची भिंत सकाळी आणि दर्शनी बाजू चारनंतर पाहावी.

देवळाचा काळ अंदाजाने ठरवावा लागत नाही, हे त्याचे मोठे भाग्य. उत्तरेच्या दारावर आतल्या बाजूला शिलालेख आहे, तो शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा. एकोणिसाव्या शतकात तो पहिल्यांदा वाचला गेला तेव्हा आकडा ७८२ असा लावला गेला आणि देऊळ दोनशे वर्षांनी जुने ठरले. नंतर पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी वाचन सुधारले. लेखात देवाचे नाव 'आम्रनाथ' असे येते. अंबर म्हणजे आकाश, त्याचा नाथ, ही आजची व्युत्पत्ती गोड असली तरी लेखातले नाव वेगळे आहे.

लेख उत्तर कोकणच्या शिलाहारांचा आहे. हे घराणे आधी राष्ट्रकूटांचे मांडलिक होते. पुढे ठाण्याहून त्यांनी तेराव्या शतकापर्यंत राज्य केले. छित्तराज, नागार्जुन आणि मुम्मुणी हे तिघे भाऊ एकामागून एक गादीवर आले. छित्तराजाच्या काळात देवळाचे काम सुरू झाले आणि मुम्मुणीच्या काळात ते पुरे झाले, असे अभ्यासक मानतात. ठाणे, कल्याण, सोपारा, चेऊल ही बंदरे शिलाहारांच्या हाती होती. अरबस्तान आणि इराणशी होणाऱ्या व्यापाराची जकात त्यांच्या खजिन्यात जात होती. एवढ्या बारीक कामाला वर्षानुवर्षे कारागीर पोसावे लागतात, आणि ते पोसण्याची ऐपत या बंदरांनी दिली.

गावात आणि पर्यटकांच्या बोलण्यात हे देऊळ सर्रास 'हेमाडपंती' म्हटले जाते. ते चूक आहे. हेमाद्री पंडित देवगिरीच्या यादवांचा मंत्री, तेराव्या शतकातला. अंबरनाथ त्याच्या दोनशे वर्षे आधीचे. चुन्याशिवाय दगडावर दगड बसवलेला दिसला की हेमाडपंती म्हणायची आपल्याला सवय लागली आहे. या देवळाची खरी शैली 'भूमिज'. या शैलीत शिखराच्या चारी बाजूंना मधोमध एकेक उभी पट्टी वर चढत जाते, तिला लता म्हणतात. दोन लतांच्या मधल्या जागेत छोट्या छोट्या शिखरांच्या ओळी रचलेल्या असतात आणि वर जाताना त्या लहान होत जातात. माळव्याच्या परमारांनी ही शैली वाढवली, मध्य प्रदेशातल्या उदयपूरचे उदयेश्वर देऊळ तिचा प्रसिद्ध नमुना आहे. महाराष्ट्रात सिन्नरच्या गोंदेश्वराचे शिखर शाबूत आहे. अंबरनाथचे शिखर कसे असावे याचा अंदाज घ्यायचा असेल तर सिन्नरला जावे. मात्र महाराष्ट्रातल्या ज्या भूमिज देवळांचा काळ नक्की सांगता येतो त्यांत अंबरनाथ फार वरच्या जागी आहे, आणि खाली उरलेल्या लतांवरची जाळीदार नक्षी पाहिली की वरचे काय गेले याची हळहळ वाटते.

भिंत वाचायची ती खालून वर. जोत्याच्या थरांत कीर्तिमुखांच्या ओळी आणि गजथर येतो. हत्ती समोरून दिसतात, जणू सगळ्या देवळाचा भार त्यांच्या पाठीवर आहे. त्यावर माणसांच्या आणि देवतांच्या मूर्तींचा मुख्य पट्टा. मोठ्या मूर्ती देवकोष्ठांत, म्हणजे कोनाड्यांत बसवल्या आहेत, आणि त्या शिवाच्या कथा सांगतात. गजासुराला मारून त्याचे कातडे डोक्यावर ताणून धरलेला शिव, अंधकासुराला शूळावर घेतलेला शिव, पार्वतीचा हात हाती घेतलेला नवरदेव शिव, नाचणारा शिव. हाडांचा सापळा झालेली चामुंडाही आहे. तिच्या बरगड्या मोजता येतात. एकाच शरीरात हरी, हर, ब्रह्मदेव आणि सूर्य यांना एकत्र आणणारी मूर्ती दुर्मीळ आहे. शिवाच्या देवळावर इतर दैवतांना एवढा मान मिळावा, यात त्या काळच्या समाजाच्या धर्मदृष्टीचे दर्शन घडते. ब्रह्मदेवाच्या मूर्तीही इथे नेहमीपेक्षा जास्त आहेत.

मधल्या उभ्या पट्ट्यांवर सुरसुंदरी आहेत. मंदिरशिल्पांचे अभ्यासक त्यांना त्यांच्या हातातल्या वस्तूवरून आणि उभे राहण्यावरून नावे देतात. हाती आरसा असेल तर दर्पणा, पक्षी असेल तर शुकसारिका, अंग मोडत आळस देणारी ती आलसा, मांडीवर मूल घेतलेली ती पुत्रवल्लभा. एवढी चार नावे मनात ठेवून भिंतीभोवती फेरी मारली तरी पाहण्याचा वेग आपोआप कमी होतो. अनेकींचे चेहरे झिजले आहेत, नाके उडाली आहेत, तरी कमरेची वळणे, गुडघ्यातला वाक आणि पायातले तोडे अजून स्पष्ट आहेत. बेसाल्ट हा कठीण दगड. संगमरवरासारखा तो छिन्नीपुढे नमत नाही आणि एक घाव चुकला तर टवका उडतो. त्या दगडात पैंजणाचा एकेक मणी वेगळा काढणाऱ्या हातांची नावे कुठल्याही लेखात नाहीत.

सभामंडपाला पश्चिम, उत्तर आणि दक्षिण अशी तीन दारे आहेत. पुढे नंदी. मंडप सुमारे २३ फूट चौरस, आणि त्याचे छत तोलणारे चार खांब हे आतले सर्वांत देखणे काम. खांब खाली चौकोनी, वर अष्टकोनी आणि शेवटी गोल होतो, आणि प्रत्येक टप्प्यावर आकृत्यांचा वेगळा पट्टा फिरतो. मान वर करून छत, म्हणजे वितान, पाहावे. एकात एक बसवलेल्या दगडी वर्तुळांनी ते वर चढत गेले आहे आणि मधोमध उलटे कमळ लोंबते आहे असे दिसते. आत उजेड कमी असतो. डोळे सरावायला दोन-तीन मिनिटे द्यावीत, तोवर दारातून आलेला प्रकाश खांबांच्या कडेकडेने वर सरकत जातो.

मंडपातून गाभाऱ्यात जायला वर चढायचे नसून वीसएक पायऱ्या खाली उतरायचे असते. मंडपाच्या फरशीपेक्षा गाभारा आठ-नऊ फूट खोल आहे. खाली गारवा, ओलसर दगडाचा आणि बेलाचा वास, आणि मधोमध जमिनीलगतचे शिवलिंग. पूजा आजही नित्य चालते. महाशिवरात्रीला इथे एवढी गर्दी होते की शिल्पे पाहणे अशक्य. त्या दिवशी दर्शन घ्यावे, आणि देऊळ पाहायला आडदिवशी यावे.

आपल्याकडच्या जुन्या वास्तूंची शास्त्रशुद्ध नोंद घेण्याच्या कामातही अंबरनाथचा मान पहिल्या काहींत आहे. १८६८ मध्ये सरकारी मंजुरीने मुंबईच्या कलाशाळेची, म्हणजे आजच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टची तुकडी इथे मुक्कामाला आली. त्यांनी देवळाची रेखाचित्रे काढली, छायाचित्रे घेतली आणि शिल्पांचे साचे उचलले. पुढे स्कॉटलंडच्या डम्फ्रीजशायरमध्ये जन्मलेले पुरातत्त्वज्ञ जेम्स बर्जेस यांनी १८७२ मध्ये सुरू केलेल्या 'इंडियन अँटिक्वेरी'तून देवळाची माहिती विद्वानांपर्यंत पोचली. अलीकडे कुमुद कानिटकर यांनी या एकाच देवळावर संपूर्ण ग्रंथ लिहिला आहे. दीडशे वर्षांपूर्वीची ती चित्रे आणि आजची भिंत शेजारी ठेवून पाहिली की कोणत्या मूर्तीचे काय झिजले हे सांगता येते, आणि जतनाच्या कामाला याहून भक्कम आधार नसतो. देऊळ आता भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. काठची वालधुनी मात्र कारखान्यांच्या सांडपाण्याने काळवंडली आहे आणि तिची दुर्गंधी देवळाच्या आवारापर्यंत येते. नऊशे साठ वर्षे टिकलेल्या दगडाशेजारून असे पाणी वाहावे, याचे दुःख इथे येणाऱ्या प्रत्येकाला होते. मूर्तींना हात लावू नये, कुंकू-तेल माखू नये. दगडाच्या छिद्रांत बसलेले तेल निघत नाही आणि त्यावर धूळ धरते.

दिवस उरला असेल तर परतताना कल्याणच्या पुढे डोंबिवलीला उतरावे. शिल्पकार सदाशिव साठे यांचे 'शिल्पालय' तिथे आहे. १९२६ मध्ये जन्मलेले आणि २०२१ मध्ये दिवंगत झालेले भाऊ साठे यांचे नाव अनेकांना माहीत नसते, पण त्यांचे काम सगळ्यांनी पाहिलेले असते. गेटवे ऑफ इंडियासमोरचा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांचा; तो २६ जानेवारी १९६१ रोजी उभा राहिला. दिल्लीच्या चांदणी चौकातला गांधीजींचा पुतळाही त्यांचाच. शिल्पालयात त्यांच्या शिल्पांचे नमुने जवळून पाहता येतात. अंबरनाथच्या कारागिराने दगड कमी करत करत मूर्ती काढली. इथे उलटे आहे. मातीवर माती चढवून आकार घडवायचा, त्याचा प्लास्टरमध्ये साचा घ्यायचा, साच्यातून मेणाची प्रत काढायची आणि मेण वितळवून त्या जागी कांस्य ओतायचे. जवळून पाहिले की कलावंताच्या अंगठ्याचे ठसे धातूत जसेच्या तसे उतरलेले दिसतात, गालाच्या कडेला, फेट्याच्या घडीत. उघडे असण्याच्या वेळा आधी विचारून घ्याव्यात.

एका दिवसाची आखणी करायची तर खडवली किंवा टिटवाळ्याहून सकाळी लवकर निघून थेट अंबरनाथ गाठावे, म्हणजे मागच्या भिंतीवरचे सकाळचे ऊन मिळते. दुपारचे ऊन दुर्गाडी आणि जुन्या कल्याणच्या गल्ल्यांत काढावे आणि शिल्पालय शेवटी ठेवावे. कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोकल कमी असतात, त्यामुळे परतीच्या गाडीची वेळ कल्याणला उतरतानाच पाहून ठेवावी. पावसाळ्यात दगड निसरडे होतात, पण शिल्पांचा काळा रंग तेव्हाच सर्वांत खोल दिसतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांना सोयीचा. ज्यांच्या पायांत बळ आहे आणि हाती दुसरा दिवस आहे, त्यांनी खडवलीहून उलट्या दिशेला आसनगावला जाऊन माहुलीचा किल्ला चढावा. शहाजीराजांनी १६३६ मध्ये मोगल आणि आदिलशाही फौजांना तोंड दिले ते याच गडावरून, आणि वरून भातसेचे सगळे खोरे दिसते.